धरायचं नाही

अयूबचे खांदे हल्ली सकाळी उठल्यापासूनच दुखत. फत्तेमारीवर शिडाचे दोर ओढूनही दुखायचे, पण ते तरुणपणाचं दुखणं, एका झोपेत जायचं. आता चाळिशी उलटल्यावर भिंतींना भोकं पाडून आणि हात वर करून वायरी ताणून जे दुखणं आलं ते मुक्कामालाच आलं होतं. तक्रार तरी कुणाकडे करणार? धंदा त्यानंच बदलला होता. माल सगळा आगबोटी आणि मोटारी नेऊ लागल्या, फत्तेमाऱ्या खाडीत नुसत्या डुलत राहिल्या, तेव्हा बाकीचे खलाशी राजिवड्याच्या धक्क्यावर बसून नशिबाला शिव्या देत होते आणि हा मुंबईच्या गोदीत वायरिंग शिकत होता. परीक्षा देऊन, वायरमनचा परवाना घेऊन तो रत्नागिरीला परतला.

परतला तो एकटाच सुखानं चार घास खाईल तर अयूब कसला! धक्क्यावर बसलेले जुने सोबती त्याला बघवेनात. एकाला त्यानं विजेचे खांब रोवणाऱ्या टोळीत घुसवलं. सदू सुतार पूर्वी होड्या बांधायचा, त्याला वायरीखालच्या सागवानी पट्ट्या तासायला घेतलं. आणि गुलाम रसूलला घेतलं स्वतःच्या हाताखाली. हे शेवटचं करायला नको होतं, असं अलीकडे त्याच्या मनात येई, आणि आलं की त्याची त्यालाच लाज वाटे.

गुलाम रसूल त्याच्याहून वयानं मोठा. एका तुफानात शिडाच्या आडव्या वाशावरून, परबाणावरून, अयूबचा पाय सुटला होता, तेव्हा खालच्या काळ्या पाण्यात जाण्याआधी ह्याच माणसानं त्याचं उजवं मनगट पकडलं होतं. मनगट महिनाभर सुजलेलं होतं, पण अयूब जिवंत होता. अशा माणसाला नको कसं म्हणायचं? शिवाय कामाला तो कधी कंटाळला नाही. खोट एकच होती, आणि ह्या धंद्यात ती एकच पुरेशी होती. सोबती अडचणीत दिसला की गुलाम रसूलचे हात आधी पुढे होत, डोकं मागाहून येई.

करंट लागलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हे अयूबनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सांगून कळेना म्हणून दुपारची भाकरी खाऊन झाली की तो नाटक करी. करंट नसलेल्या, मेलेल्या वायरीला हात लावून "या अल्ला!" म्हणून ओरडायचं आणि थरथरायचं. त्यासरशी गुलाम रसूल धावत येऊन त्याला मिठीच मारी.

"मेलास!" अयूब म्हणे. "मी पण मेलो, तू पण मेलास. दोघांचा जनाजा एकदम."

सदू हसून हसून पट्टी खाली टाकी. गुलाम रसूल मात्र कधी हसला नाही.

"मग तुला मरताना बघत उभा राहू काय रे?"

"लाकूड घे. सुकं लाकूड. मारून हात सोडव. पण धरायचं नाय."

"तुला मारू? लाकडानं?" आणि तो मान हलवून पट्ट्या उचलायला जाई.

ह्या नाटकाला ऊन, पाऊस, मुहूर्त काही लागत नव्हतं. रोजचं ठरलेलं होतं. कालही मिठीच. काल रात्री अयूबनं बायकोला, हाजराला, सांगून टाकलं, "उद्या रसूलभायला नको म्हणून सांगतो. माझ्या कामावर तो मेला तर खतिजाभाभीला काय तोंड दाखवू?" हाजरा एवढंच म्हणाली, "सांगशील, पण त्याच्या तोंडाकडं बघून सांगशील नि?"

काम चाललं होतं ते खालच्या आळीत आनंदीबाईंच्या घरी. म्हातारी एकटीच राहायची. ओटी आणि देवघर आठवड्यापूर्वी उजळलं होतं, माजघर राहिलं होतं. देवघरातल्या दिव्याचं तिला भारी कौतुक. दिवेलागणीला समई तर ती लावीच, पण आधी बटण दाबून वरच्या दिव्याला हात जोडी.

दिवसभर अयूबनं ते नको म्हणायचं वाक्य तोंडात घोळवलं. सकाळी सांगितलं असतं, तर माणूस दिवसभर मान खाली घालून राबला असता. दुपारी सांगायचं, तर त्याच वेळी गुलाम रसूलनं आपल्या डब्यातली सुक्या बांगड्याची तुकडी त्याच्या भाकरीवर ठेवली. वाक्य घशातच राहिलं. जाताना रस्त्यात सांगू, असं म्हणून अयूब पुन्हा कामाला लागला. ह्या सगळ्यात नाटक करायचंही राहून गेलं.

आणि आणखी एक गोष्ट राहून गेली. मेनचा पांढरा चिनीमातीचा फ्यूज काढला की तो स्वतःच्या खिशात ठेवायचा, हा अयूबचाच नियम. इतरांना तो त्यावरून किती बोलला असेल! आज संध्याकाळी शीण आणि विचार दोन्ही डोक्यावर बसलेले. त्यानं फ्यूज काढला आणि ओटीवरच्या कोनाड्यात ठेवला. आनंदीबाई बघत होती. मग तो माजघरात गेला, वायरींची टोकं सोलून पीळ द्यायला लागला. जमीन दुपारीच सारवलेली, अजून ओलसर. चपला शिरस्त्याप्रमाणे बाहेर.

दिवेलागण झाली. आनंदीबाईनं देवघरात बटण दाबलं. दिवा लागेना. देवापुढे अंधार कसा ठेवायचा? कोनाड्यात काय ठेवलंय आणि ते कुठून काढलंय, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तिनं ते होतं तिथे नेऊन बसवलं.

अयूबचा हात वायरीवर आवळला गेला. सोडायचा म्हटलं तरी सुटेना. ओरडायचं होतं, पण जबडा मिटलेला. हे नाटक नाही, हे सांगायची काही सोयच राहिली नाही. समोर गुलाम रसूल वळला. त्याचे दोन्ही हात उघडले, तसेच, परबाणाखाली उघडले होते तसे, आणि तो पुढे झेपावला. अयूबला आता स्वतःची भीती नव्हती. नको, नको, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. डोळ्यांपुढे खतिजाभाभी उभी राहिली.

हातभर अंतरावर ते हात थांबले.

गुलाम रसूलनं बाजूची पट्टी उचलली आणि सगळी ताकद लावून अयूबच्या मनगटावर हाणली. एकदा, आणि रडत रडत पुन्हा एकदा. वायर सुटली. अयूब सारवलेल्या जमिनीवर कोसळला.

"फ्यूज!" गुलाम रसूल ओरडला, आणि बाहेर पट्ट्या तासत बसलेला सदू धावत सुटला. ओटीवर आनंदीबाईचा आवाज आला, "मीच लावला हो, मीच! देवा, काय केलं मी हे!" मग देवघरातला उजेड गेला.

अंधारात अयूबला श्वास सापडला. हात खांद्यापर्यंत बधिर होता, मनगट पेटल्यासारखं दुखत होतं. कुणी जवळ का येत नाही, ते त्याला कळेना. डोळे ताणून बघितलं तर गुलाम रसूल तिथेच उभा होता, पट्टी छातीशी धरून. एवढा धिप्पाड माणूस, एक पाऊल पुढे टाकायला परवानगीची वाट बघत होता.

"अयूब," तो म्हणाला, "आता धरू काय रे?"

दिवसभर घोळवलेलं वाक्य अयूबला आठवलं. त्यानं सुजू लागलेला उजवा हात कसाबसा वर केला.

"धर," तो म्हणाला. "आणि उद्या लवकर ये. माजघर राहिलंय."