फाउल धरलाच पाहिजे

मित्रांनो, मी एक जुना कॅरम आहे. सुताराने घासूनपुसून मला गुळगुळीत केले तेव्हाचा माझा तोरा काही विचारू नका. आता एका कोपऱ्याची जाळी फाटली आहे. तिथे गेलेली सोंगटी थेट पलंगाखाली गडगडते.

पण सांगायचे आहे ते माझ्या घरच्या थोरलीबद्दल. तिला फिट यायची. मोठी क्वचितच, एरवी ती नुसती थबकायची. बोट स्ट्रायकरवर, डोळे उघडे, आणि ती मात्र जागेवर नाही. भानावर आली की विचारायची, "कुणाची पाळी?" तोवर एखादा विनोद होऊन गेलेला असायचा. हिचे हसू मागाहून यायचे. गोळ्यांनी डोके जड व्हायचे, कुणाच्या किती सोंगट्या उरल्या ते आठवायचे नाही. शेजारची पोरे म्हणायची, शिष्ट आहे.

मग आईने त्यांना तिचा आजार नीट समजावून सांगितला. पोरे बिचारी एकदम शहाण्यासारखी वागू लागली, आणि इथेच माशी शिंकली. त्यांनी तिला कच्चे लिंबू केले. म्हणजे खेळायचे, पण मोजायचे नाही. तिचा स्ट्रायकर भोकात गेला तरी कुणी दंड मागेना. धाकटा भाऊसुद्धा मोठ्या माणसाचा आव आणून म्हणायचा, "असू दे ताई, परत मार." जिंकली तर टाळ्या, हरली तरी टाळ्या. मला मेल्याहून मेल्यासारखे व्हायचे. शेवटी ती खेळायचीच बंद झाली. मी भिंतीला टेकलो आणि माझ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग साचू लागला.

एका दुपारी तिनेच मला ओढून काढले, पुसले, पावडर टाकली आणि सगळ्यांना बोलावले.

"मी थांबले तर माझी पाळी कुणी घ्यायची नाही," ती म्हणाली. "पण नंतर फाउल झाला तर धरायचा. नाहीतर मला खेळायचंच नाही."

"आणि तुला वाईट वाटलं तर?" शेजारच्या चिमणीने विचारले. ही पोरगी अखंड चिवचिवायची, म्हणून ते नाव.

"वाटू दे की. तुला नाही वाटत?"

खेळ रंगला आणि ती थबकलीच. कुणीही तिची पाळी घेतली नाही. ती भानावर आल्यावर चिमणी हळूच म्हणाली, "तुझीच पाळी. तुझ्या काळ्या."

"आधी ही, मग राणी," असे पुटपुटत थोरलीने नेम धरला. काळी गेली, पण तिच्यामागोमाग स्ट्रायकरही गेला. पोरे एकमेकांकडे बघू लागली. चिमणीने काळी भोकातून बाहेर काढली.

"फाउल. ही परत ठेव. आणि वर एक दंड."

"वर आणखी एक कशाला? तुमच्यात असेल दोन-दोन सोंगट्या परत ठेवायचा नियम!"

थोरली तावातावाने भांडली, हरली आणि पुन्हा डाव मांडायला बसली. तिला असे भांडताना मी पहिल्यांदाच पाहिले. मला फार बरे वाटले.

मित्रांनो, माझ्यावर ओले कप ठेवू नका, फुगतो मी. आणि तुमच्यातले कुणी मध्येच थबकले तर त्याची पाळी राखून ठेवा. मात्र त्याचा फाउल धरायला लाजू नका.