बारा युनिट

"सिस्टर, इनको इतना पसीना क्यों आ रहा है?" अमरजीत आंटींनी विचारलं आणि मी खाटेकडे धावले. त्यांच्या नवऱ्याचं, अंकलचं, अंग गार पडलेलं, सदरा ओलाचिंब. पाऊण तासापूर्वी मीच त्यांना जेवणाआधीचं इन्सुलिन टोचलं होतं, बारा युनिट. आणि जेवण येणारच नव्हतं! सोनोग्राफीसाठी उपाशी ठेवायचं, असं रातपाळीच्या सिमरननं जाताना मला दोनदा बजावलं होतं. फाईल न उघडता मी सवयीनं सुई दिली. एकोणीस वर्षं नर्स आहे म्हणे मी! काय जाळायचीत ती एकोणीस वर्षं?

शुगर उतरून अठ्ठेचाळीस. डॉक्टर धावत आले, शिरेतून ग्लुकोज दिलं. दहा मिनिटांत अंकल डोळे उघडून चहा मागायला लागले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

इन्चार्ज मॅडमनी मला बाजूला घेतलं. "कांचन जी, रिपोर्ट में लिख दो सिमरन ने बताया नहीं. वो तो वैसे भी कॅनडा जा रही है."

सोपं होतं हो. शनिवारी माझं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं आणि या वेळी पक्की नोकरी देतो म्हणाले होते. माझा नवरा सुबोध हवाई दलात, त्यामुळे दर तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नव्या राज्यात नोंदणी, आणि मी पुन्हा सगळ्यांत ज्युनियर. या नोकरीसाठी मी जीव टाकत होते.

पण त्या पोरीनं सांगितलं होतं ना! मी लिहिलं, 'सूचना मिळाली होती. फाईल पाहिली नाही. चूक माझी.' खाली सही केली. मग आंटींनाही जाऊन सांगितलं.

आठ दिवस झिरकपूरहून येताना माझ्यासाठी न चुकता पराठा आणायची ही बाई. म्हणाल्या, "मैं तो घर जा के आराम से सोती थी, कि आप हो." यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सुबोधनं घरी सगळं ऐकून घेतलं. "खरं लिहिलंस ना? मग जेव आता," एवढंच म्हणाला.

शनिवारी मॅडम म्हणाल्या, "तीन महीने और. फिर देखेंगे." म्हणजे पक्की नोकरी गेलीच. मी मान डोलावली आणि दुपारचं इन्सुलिन घेऊन अंकलकडे गेले.

आंटी उठल्या आणि त्यांनी अंकलच्या दंडावर आपला तळहात ठेवला.

"पहले पढ़ के सुनाओ."

मी नाव वाचलं, औषध वाचलं, डोस वाचला. आज जेवण आहे, तेही वाचलं.

"फिर से."

मी पुन्हा, सावकाश, सगळं वाचलं. मग त्यांनी हात काढला.