जरा डावीकडे बघ

ताईने आईच्या कपाळावरची बट मागे घेऊन पिन लावली आणि तिची खुर्ची खिडकीकडे थोडी फिरवली. उजेड समोरून पडायला हवा, बाजूने नको, हे आता तिला कुणी सांगावं लागत नव्हतं. शिवायला आलेल्या पडद्यांचा ढीग तिने मशीनवरून उचलून पलंगावर टाकला, कारण धाकट्या भावाला मागे पसारा दिसलेला चालत नसे.

"येणार ना तो?" आईने विचारलं.

"येईल की. रविवार आहे ना आज."

"कोण येणार?"

"तुझा मुलगा."

"हो का!" आई म्हणाली आणि बातमी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी खुलली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मग तुम्ही लवकर आवरून घ्या हं, बाई. तो आला की घरात गडबड नको."

बाई म्हणजे ताईच. आईच्या डोक्यातून माणसं एकेक करून निघून गेली होती. आधी शेजारीपाजारी गेले, मग बाबा, मग खुद्द ताई. आंघोळ घालणारी, भरवणारी, रात्री चादर बदलणारी ही कुणीतरी पगारी बाई आहे अशी आईची पक्की समजूत होती. मध्यंतरी तिने धाकट्याकडे तक्रारही केली होती, की बाई कामाला चांगली आहे पण बोलते फार. धाकटा पोट धरून हसला होता. ताईही हसली होती, आणि मग भांडी घासायला म्हणून आत गेली होती.

बेल वाजली. ताईला नवल वाटलं, कारण धाकट्याकडे किल्ली होती. दारात साध्या कपड्यांतल्या, पन्नाशीकडे झुकलेल्या एक बाई उभ्या होत्या. मागे एक तरुण सहकारी होता. बाईंनी ओळखपत्र दाखवलं. सायबर गुन्ह्यांचा तपास करणाऱ्या अधिकारी होत्या त्या.

"तुमच्या आईंना भेटायचं होतं," त्या म्हणाल्या. "त्यांच्या नावावर काही क्रिप्टोची, म्हणजे ऑनलाइन चलनाची, खाती आहेत."

ताईला हसूच फुटलं. "आईच्या? अहो मॅडम, तिला तिचं नाव विचारलं तर ती माझ्या तोंडाकडे बघते. क्रिप्टो कुठलं काय घेऊन बसलात!"

"म्हणूनच घरी आलो," अधिकारी बाई म्हणाल्या. त्यांनी सहकाऱ्याला खाली थांबायला सांगितलं आणि चपला दाराशी काढून त्या आत आल्या. खिडकी, खुर्ची, खुर्चीमागची मोकळी भिंत, सगळं त्यांनी एकदा नीट बघून घेतलं. मग ताईला स्वयंपाकघराच्या दाराशी नेऊन त्यांनी आपला फोन पुढे धरला.

फोनवर आई होती. हीच खुर्ची, हाच उजेड, कपाळावर हीच पिन. आई डावीकडे वळली, उजवीकडे वळली, तिने डोळे मिटले, उघडले. मग कुणाचा तरी आवाज आला, "आई, हस ना गं, तो एवढा लांबून आलाय," आणि आई हसली.

तो आवाज ताईचा होता.

"हे घरचे व्हिडिओ आहेत," ती म्हणाली. "तुमच्याकडे कसे आले?"

"खातं उघडताना कंपनी नुसता फोटो चालवून घेत नाही. फोटो कुणाचाही लावता येतो. म्हणून जिवंत माणूस लागतं. डावीकडे बघा, उजवीकडे बघा, डोळे मिटा, हसा. झालं, ओळख पटली. दर वेळी नवी कंपनी, नवं खातं. चेहरा मात्र एकच."

ताईने दाराच्या चौकटीला हात टेकला.

बाबा गेल्यावर धाकटा फिरकेनासा झाला होता. फोन केला की मीटिंग, नाहीतर प्रवास, नाहीतर तब्येत. आणि मग एका रविवारी तो अचानक केकचा खोका घेऊन दारात उभा राहिला, आणि तेव्हापासून दर रविवारी येतच राहिला. उशिरा का होईना, त्याला सुबुद्धी सुचली म्हणून ताईने मागचं सगळं सोडून दिलं. पहिल्याच खेपेला तो म्हणाला होता, "ताई, उद्या आई नसली तर आपल्याकडे तिचं काय राहणार गं? थोडे व्हिडिओ काढून ठेवू. चेहरा पूर्ण दिसला पाहिजे पण." ताईचे डोळे भरून आले होते. तिनेच खुर्ची खिडकीशी आणली, तिनेच जाड पडदा काढून पातळ लावला. आईचं ओळखपत्र तो विम्याच्या कामासाठी म्हणून घेऊन गेला, तेही तिनेच कपाटातून शोधून दिलं होतं.

"कुणाचे पैसे?" तिने विचारलं.

"एका शाळेतल्या शिपायाचे. घर बांधायला साठवले होते. फोनवरून गोड बोलून काढून घेतले, त्याचं क्रिप्टो केलं, ते तुमच्या आईंच्या खात्यात आलं आणि घटकाभरात पुढे गेलं. तो एकटाच नाही, असे बरेच आहेत. पुढच्या खात्यांना नाव नाही, नुसती अक्षरं न् आकडे, ती कुणाची ते कळत नाही. या सगळ्या प्रकरणात माणसाचं तोंड म्हणाल तर एवढं एकच दिसतं." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. "व्हिडिओ कुणी काढले?"

ताईने आत पाहिलं. स्वयंपाकघराचा नळ थेंब थेंब गळत होता. धाकट्याने तो रविवारी दुरुस्त करतो म्हटलं होतं, अर्थात प्रत्येक रविवारी.

"मीच काढले," ती म्हणाली.

अधिकारी बाईंनी मान डोलावली. त्यांना राग आला नाही, हेच ताईला जड गेलं.

"बरं. मग तुम्हाला आमच्याबरोबर यावं लागेल. आईंकडे कोण बघेल?"

ताईने आईकडे पाहिलं. धाकट्याने भरवलेला केक सोडला तर आई दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नसे. मागे एकदा ताई तापाने पडली तेव्हा शेजारणीने ताट आणलं, तर आईने ते ढकलून दिलं आणि दिवसभर उपाशी राहिली. भावासाठी तुरुंगात जावं म्हटलं तरी ताईला त्याची सवड नव्हती.

"माझ्या भावाने वाईट हेतूने केलं नसेल," ती म्हणाली, आणि आपण काय बोलून बसलो ते तिचं तिलाच ऐकू आलं.

"मी भावाचं नाव काढलं नव्हतं," अधिकारी बाई हळूच म्हणाल्या. "असं अर्धं बोलणं माझ्या कामाचं नाही, ताई. तोच काढायचा, असं तुम्ही स्पष्ट सांगितलंत तर मी पुढे जाऊ शकते. नाही सांगितलंत तर आवाज तुमचा आहे, घर तुमचं आहे. विचार करा. तोवर मी खोलीचा फोटो घेते."

त्या खिडकीसमोर गेल्या आणि त्यांनी फोन वर धरला.

आई ताठ बसली. तिने पदर सारखा केला. कुणी काही सांगायच्या आत तिने चेहरा डावीकडे वळवला, थांबली, उजवीकडे वळवला, थांबली. डोळे मिटले, उघडले. आणि फोनकडे बघून छान हसली. कुठे अडखळली नाही, कुठे चुकली नाही.

ताई बघतच राहिली.

कारण धाकट्यासमोर आईला हे कधीच जमत नसे. डावीकडे म्हटलं की ती छताकडे बघायची, डोळे मिट म्हटलं की आ करायची, हस म्हटलं की जांभई द्यायची. ज्या बाईने बालवाडीत अख्ख्या गल्लीच्या पोरांना डावं-उजवं शिकवलं, तिची ही गत, म्हणून ताईचा जीव कळवळायचा. धाकटा रडकुंडीला यायचा. "आई, जरा डावीकडे बघ. डावीकडे गं! ही डावी बाजू का?" तो चुटक्या वाजवायचा, घड्याळ बघायचा, खुर्चीशेजारी उकिडवा बसायचा, तिची हनुवटी धरून तोंड फिरवायचा. मग कंटाळून केक खायचा, आईला भरवायचा आणि पुन्हा सुरुवात करायचा. एका व्हिडिओपायी अख्खी दुपार जायची. आणि एकदाचं जमलं की फोन खिशात टाकून तो लगेच उठायचा.

"झालं ना?" आई अधिकारी बाईंना म्हणाली. स्वर अगदी व्यवहारी होता. "मग निघा आता तुम्ही. माझा मुलगा यायचाय."

अधिकारी बाईंनी फोन खाली घेतला.

 नावं गेली होती, वर्षं गेली होती, पोटची मुलगी परकी झाली होती. तरी एवढं आईला नेमकं कळलं होतं, की जमलं की माणूस जातो. जिला लवकर घालवायचं तिच्यासमोर तिने ते एका दमात करून दाखवलं. आणि ज्याला जाऊ द्यायचं नव्हतं त्याच्यासमोर ती चुकत राहिली, दर रविवारी, जमेल तितका वेळ. आणि तो घड्याळ बघत राहिला. ताईला धाकट्याचा असा संताप आला, जो शिपायाच्या पैशांसाठीही आला नव्हता.

"तोच काढायचा," ती म्हणाली. "मी केस विंचरून द्यायची आणि पडदा सरकवायची. मला वाटलं, तो आईसाठी येतो. लिहून घ्या."

अधिकारी बाईंनी लिहून घेतलं. ताईने एका झटक्यात सही केली. ते तिला नंतर बरेच दिवस टोचत राहिलं.

"आला!" आई एकदम ओरडली.

ताई खिडकीशी धावली. खाली रस्त्याच्या वळणावरून धाकटा येत होता, एका हातात केकचा खोका, दुसऱ्यात फोन. लहानपणापासूनची त्याची ती चाल, एक खांदा जरा खाली. ताई हाक मारणारच होती. मागे फिर, एवढंच म्हणायचं होतं. शेजारी अधिकारी बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ताईचा दंड धरला नाही, काही म्हटलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. ताईने हाक मारली नाही.

फाटकाशी तो तरुण सहकारी पुढे झाला. दोन शब्द बोलला. धाकट्याने वर पाहिलं. आईने हात हलवला, अगदी शाळेच्या दारात सोडताना हलवायची तसा. त्याच्या दोन्ही हातांत काही ना काही होतं, म्हणून की काय, त्याने हात हलवला नाही. त्याने खोका फाटकाच्या खांबावर ठेवला आणि तो त्या माणसाबरोबर चालू लागला.

"जिना चढतोय वाटतं," आई म्हणाली आणि दाराकडे तोंड करून बसली. अधिकारी बाई निघून गेल्या, उजेड उतरला, दिवे लागले, तरी ती तशीच बसून होती. ताईने जेवण भरवलं ते तिने दाराकडे बघतच खाल्लं.

पुढच्या रविवारी ताईने आईचे केस विंचरले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. आईला रविवार कळत नसावा, असं तिने स्वतःला समजावलं. पण रविवारच्या दुपारी आई आपण होऊन उठायची, धरत धरत खिडकीशी जायची आणि कपाळावरची बट चाचपडायची. पिन कुठे आहे म्हणून विचारायची. मग दाराकडे बघत बसायची, आणि संध्याकाळी रडायची. का रडतेस, तर सांगता यायचं नाही. धाकट्याचा खटला अजून उभाही राहिला नव्हता. ताई एकदा त्याला तुरुंगात भेटून आली. काचेपलीकडे तो बसला होता. तो आईबद्दल विचारेल म्हणून ती वाट बघत राहिली. वकिलाचं काय झालं, एवढं विचारून त्याने मान खाली घातली.

त्यानंतरच्या रविवारी ताईने मशीन बंद केलं. कोपऱ्यातली पिन शोधून काढली, आईची बट मागे घेतली, खुर्ची उजेडाकडे फिरवली. मग समोर स्टूल ओढून ती बसली आणि तिने आपला जुना फोन वर धरला. कॅमेरा चालू केला नव्हता. त्याची गरजही नव्हती. आई एका दमात सगळं करून दाखवेल आणि म्हणेल, झालं ना बाई, जा आता कामाला. हे तिला ठाऊक होतं. पण ती हसेल तरी. तेवढ्यासाठीच ताई बसली होती.

"आई, जरा डावीकडे बघ."

आईने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ, निरखून. मग चेहरा वळवला, सावकाश, उजवीकडे.

ताईला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

"डावीकडे गं, आई."

आई छताकडे बघू लागली.

ताईने फोन मांडीवर ठेवला. तिला पुढचं दिसेनासं झालं होतं. तिने स्टूल आणखी जवळ ओढलं.

"राहू दे," ती म्हणाली. "पुन्हा करू. मला कुठे जायचं नाहीये."