जुना ठेव, नवा ने

मी फाळका बोलतोय. ट्रकमधला माल मागून सांडू नये म्हणून जो लाकडी दरवाजा लावतात ना, तोच मी. आता तुम्ही मला ओळखणार नाही, पण सावकाश सांगतो. मला कुठंच जायचं नाही.

उमेदीत मी मांजरी गावचा ऊस वाहिला. मग एका खड्ड्यात माझी बिजागरी तुटली आणि ट्रक धायरीला रावसाहेबांच्या गॅरेजात आला. ट्रकला लोखंडी फाळका बसला नि मी भिंतीला टेकून राहिलो. वाटलं, आता बंबात जायचं. पण पार्टच्या खोलीच्या खिडकीला माझं माप नेमकं जुळलं आणि मी काउंटर झालो.

खिडकीच्या आत उत्तरेश्वर बसायचा. बार्शीकडचा गडी. गाड्यांच्या सुट्या भागांचा सगळा कारभार त्याच्याकडे. रावसाहेबांनी दारावर ‘पार्ट मॅनेजर’ अशी पाटी लावली, त्या दिवशी रियाज मिस्त्रीनं खिडकीतून डोकं आत घातलं.

“मॅनेजरसाहेब, आता तरी शर्ट खोचा.”

“तू आधी हात धू. माझं काउंटर काळं केलंस.”

उत्तरेश्वरचा एकच नियम होता. जुना ठेव, नवा ने. मिस्त्रीनं गाडीतला खराब पार्ट काढून माझ्यावर ठेवायचा, तो बघून उत्तरेश्वर नवा देणार. “तोंडानं सांगितलेला पार्ट आन् गाडीतला पार्ट एक नसतो,” तो म्हणायचा. नियम चांगलाच होता, माझी तक्रार नाही. माझ्या अंगावर खाचा पडल्या त्या त्यानंच.

दुपारी मात्र मला पुसून घेत. उत्तरेश्वरच्या डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी, रियाजच्या डब्यात त्याच्या बायकोनं, नसीमनं, केलेला खिमा नाहीतर डाळ. डबे आपापले, पण घास कुणाचा कुणाच्या डब्यातून जायचा ते मलाही कळायचं नाही. भाकरी रियाजला इतकी आवडायची, की उत्तरेश्वर त्याच्या वाटच्याही घेऊन यायचा. डबा माझ्यावर टेकला की वजनावरूनच मला समजायचं, हा दोघांचा आहे.

मग दिवस पालटले. रस्त्यावर नव्या नव्या मोटारी आल्या. कॉम्प्युटरवर काम करणारी पोरं पहिल्या पगारातच गाडीचा हप्ता भरायला लागली. जुन्या स्कूटर कंपनीनं बंद केल्या नि त्यांचे पार्ट आटले. शेवटी एकच कार्ब्युरेटर उरला. उत्तरेश्वरनं तो कागदात गुंडाळून वरच्या फळीवर मागं सरकवला. कुणी मागितला तर सांगायचा, “संपला.” आणि गिऱ्हाईक गेल्यावर स्वतःशीच पुटपुटायचा, “रियाजच्या स्कूटरला लागंल.”

आणि एक दिवस तो लागला.

रियाज सकाळी घामाघूम आला. “उत्तर, अरे काल स्वारगेटला गाडी बंद पडली. नसीमनं घरापर्यंत मागून ढकलली, आख्ख्या भवानी पेठेनं बघितलं! कार्ब्युरेटर गेलाय. असला तर दे. घरी बसवतो, जुना उद्या आणून देतो.”

त्याच्या मागं दुसरे मिस्त्री उभे होते. जुना आणला नाही म्हणून उत्तरेश्वरनं आत्ताच त्यातल्या एकाला परत पाठवलं होतं. तो मोठ्यानं म्हणाला, “बघू आता. नियम सगळ्यांना हाय, का भाकरीवाल्याला येगळा?”

उत्तरेश्वरचा हात वरच्या फळीकडं गेला होता. मी बघितलाय. तो हात तिथंच थांबला.

“उद्या जुना आण, उद्या ने,” तो म्हणाला.

“अरे, मी पळून चाललोय का?”

“नियम म्हंजे नियम.”

रियाजनं माझ्यावरून हात फिरवला, जेवण झाल्यावर फिरवायचा तसा. “बरोबर आहे तुमचं,” तो म्हणाला. तुमचं! इतक्या वर्षांत थट्टेशिवाय त्यानं उत्तरेश्वरला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

त्या दुपारी रियाजनं डबा झाडाखाली उघडला. पुढं महिन्याभरात तो एका मोठ्या शोरूममध्ये कामाला लागला. “येईल. जुना घेऊन येईल,” उत्तरेश्वर म्हणत राहिला. कागदातल्या कार्ब्युरेटरवरची धूळ झटकत राहिला. आपण उठून भवानी पेठेत जावं, हे काही त्याला सुचलं नाही. खिडकीत बसणाऱ्याला वाटतं, माणसं खिडकीशीच येतात. मी तरी काय वेगळं समजत होतो? मलाही पाय नव्हतेच. पण त्याला होते.

वर्षं गेली. रावसाहेबांनी जागा बिल्डरला दिली. सामान हलवायच्या दिवशी उत्तरेश्वर शेवटचा खिडकीत बसला होता, आणि रियाज आला. दाढी पांढरी झालेली. त्यानं फडक्यात बांधलेलं काहीतरी माझ्यावर ठेवलं. गाठ सोडली. जुना कार्ब्युरेटर.

“घ्या. जुना.”

उत्तरेश्वर उठला. वरच्या फळीवरचा नवा काढून त्यानं शेजारी ठेवला.

“गाडी कशी हाय?”

“भंगारात गेली, कधीच. हा तेवढा काढून ठेवला होता. तुमच्या खिडकीत मोकळ्या हातानं कसं यायचं?”

“आन् वहिनी?”

“रिक्षानं फिरते. म्हणते, बरंय, ढकलायला नको.”

दोघंही हसले, पण लगेच थांबले.

“रियाज, ह्यो तुझ्यासाठीच ठिवला होता. पयल्यापासनं.”

“मग तेव्हा बोलायचं होतंत.” रियाजनं नवा उचलून खिशात घातला, जुना माझ्यावरच राहू दिला. नियमानं. “येतो,” म्हणाला आणि चालू लागला.

उत्तरेश्वरचा डबा सकाळपासून माझ्यावर होता. जड होता. दोघांचा होता. आजच नाही, रोजच तसा असायचा. मी मनात ओरडत होतो, अरे, हाक मार! तो फाटकापर्यंतही पोचला नाही अजून! उत्तरेश्वरचे ओठ हलले. मग त्यानं जुना कार्ब्युरेटर फडक्यात बांधला, डबा न उघडताच पिशवीत टाकला.

आता त्या जागी उंच इमारत आहे. मी तिच्या वॉचमनच्या खोलीपुढं गटारावर आडवा पडलोय. माणसं माझ्यावरून ये-जा करतात. कधी कुणी दोघं माझ्यावर उभी राहून भांडतात आणि एकजण तरातरा निघून जातो. राहिलेला नुसता बघत बसतो.

बाबा रे, मी लाकूड आहे, मला हाक मारता येत नाही. तुला येते. तो अजून फाटकाशीच आहे.