संत्र्याचा वास

नागपूरच्या सदर भागातल्या मैदानात मंडप घातला होता आणि मंडपात माणूस मावत नव्हता. मधोमध नारळांचा डोंगर, त्यामागे राखेबाबा, आणि शेजारी भोंगा धरलेला चेला: "खाओ पुडी, बिमारी उडी!" राखेची पुडी खाऊन गुण आला की नारळ आणून टाकायचा, असा नियम. तो डोंगर बघूनच निम्मी माणसे बरी झाल्यासारखी दिसत होती.

गोपिकेच्या जिवाला मात्र घोर होता. तिचे यजमान रुपराव क्षयाने आजारी. रामदासपेठेतल्या दवाखान्यात सुया चालू होत्या, आणि बाबांची पहिली अट अशी की सुई बंद. सुया अर्ध्यावर सोडल्या तर दुखणे उलटेल, असे डॉक्टरांनी बजावले होते. पण आज पुडी घ्यायचीच, असा रुपरावांनी हट्ट धरला होता. भाजीवाल्याला बोलण्यात पकडणारी ही बाई नवऱ्यापुढे हरली होती.

दुसरी अट होती, पुडी घेतल्यावर आठवडाभर संत्र्याचा वास घ्यायचा नाही. नागपुरात, ऐन डिसेंबरात! हातगाडीवर संत्री, गल्लीत साली, शेजारणीच्या तोंडात फोडी. गोपिकेला एकदम हसूच फुटले. ती उभी राहिली.

"बाबाजी, ज्याले गुण नाही आला त्याचं काय?"

"उसने वास लिया होगा," बाबा म्हणाले.

"तुम्हाले कसं समजलं?"

"गुण नहीं आया, इसलिये."

"म्हणजे वास घेतला म्हणून गुण नाही, आन गुण नाही म्हणून वास घेतला. हे तं तेलाच्या घाण्याच्या बैलावानी गोल फिरून राहिलं जी."

मंडपात खसखस पिकली. रुपरावांनी लाजून मान खाली घातली. बाबांनी घाईने मारोतरावांना पुढे केले. हे काटोलचे संत्र्यांचे व्यापारी. खोकला गेला म्हणून सकाळच्या बसने नारळ घेऊन आले होते. पथ्याच्या दिवसांत कुठे होता, असे गोपिकेने अदबीने विचारले. मंडीतच, माल निवडत होतो, असे ते सरळपणे म्हणाले.

"मंग वास, भाऊ?"

"बाई, आमच्या तं उशीलेही संत्र्याचा वास येते."

मंडपात हशाच फुटला. मारोतराव स्वतःच पोट धरून हसले, आणि हा खोकला दर थंडीत येतो नि आपोआप जातो, हेही सांगून बसले. चेल्याच्या हातातला भोंगा खाली आला.

हसू ओसरल्यावर गोपिकेने नारळांकडे बोट केले. "हे बरे झालेल्यायचे. ज्यायले गुण नाही आला ते नारळ काहून आणतीन? त्यायचा ढीग कोणी पाह्यला?"

मागून एक म्हातारी उठली. "माह्या सुनेनं घेतली होती पुडी. तिनंच वास घेतला असन म्हणून मी तिले बोलत राहिली. ती मरेपर्यंत बोलत राहिली."

रुपराव पुडी न घेताच उठले आणि गोपिकेसोबत मंडपाबाहेर पडले.

"दवाखान्यात तरी सारेच बरे होतेत का वं?" त्यांनी रस्त्यात विचारले.

"नाही होत. पण तिथं जो बरा नाही होत, त्याच्यावर दोष नाही टाकत. औषध बदलून पाहतेत."

वाचकहो, एवढेच ध्यानात असू द्या. जो उपाय कधीच चुकत नाही आणि चुकला तर रोग्यालाच चुकीचा ठरवतो, तो उपाय नव्हे. त्याला प्रश्न विचारा, आणि माणूस जिवंत आहे तोवर विचारा.