सतरा सालची पेनी

जरा डोळे मीट आणि माझ्याबरोबर ये. तुझ्या हातात तांब्याची एक पेनी आहे, अमेरिकेतलं एका सेंटचं नाणं, शंभर वर्षांहून जुनी, चॉकलेटसारखी तपकिरी. ती कडेनेच धर, तिच्या दर्शनी बाजूला बोट लावू नकोस. आता भिंग डोळ्याला अगदी चिकटव आणि नाणं हळूहळू भिंगापाशी आण. दिसलं? आकड्यांच्या शेजारी एक पुसट सावली आहे, जणू सात हा आकडा दोनदा छापला गेलाय.

ती सावली खरी, की नुसती झीज?

ओहायोतल्या आमच्या गावात वाचनालयाच्या तळघरात दर शनिवारी सकाळी मी मुलांना हेच ओळखायला शिकवतो. पूर्वी शाळेत सुतारकाम शिकवायचो, आता हे. बँकेतून पेनींच्या कागदी पुड्या आणायच्या, फोडायच्या, एकेक नाणं दिव्याखाली धरायचं. टांकसाळीत पोलादी ठसा आपटून नाणं उमटतं. तो ठसा दाबून घडवत असताना दुसऱ्या दाबाला जरासा सरकला, तर अक्षरं ठशातच दुहेरी होतात आणि त्यातून पडणारं प्रत्येक नाणं दुहेरी निघतं. अशा नाण्यात अक्षराच्या टोकाला खाच दिसते, माशाच्या शेपटीसारखी, आणि दोन्ही रेघा गोल, भरीव असतात. ते खरं. पण ठसा लाखो नाणी पाडून थकला, की त्याच्या कडा पसरतात. मग अक्षराभोवती सपाट, मेण ओघळल्यासारखी सावली येते. खाच नसते. ती झीज, आणि तिला कुणी विचारत नाही.

आमच्या टेबलावर नियम एकच. आधी काय दिसतं ते सांगायचं, मग काय आहे ते. मी मुलांच्या आधी कधीही बोलत नाही.

लोरीन आली तेव्हा अकरा वर्षांची होती. तिला पहिल्या दिवसापासून प्रत्येक नाणं खरं वाटायचं. "मिस्टर हार्लन, हे बघा! खाच!" असं ओरडायची, आणि खाच म्हणजे कुणाच्या तरी खिशातल्या किल्लीचा ओरखडा असायचा. तिच्याकडे पेनी लावायचा निळा पुठ्ठ्याचा फोल्डर होता, प्रत्येक सालासाठी एक भोक असलेला. बरीच भोकं भरलेली. १९१७ चं मात्र रिकामं. घरी रोज संध्याकाळी ती वडिलांना ते रिकामं भोक दाखवायची.

तिचे वडील ड्वेन मेलेल्या माणसांची घरं रिकामी करण्याचं काम करायचे. एका म्हाताऱ्याच्या घरात त्यांना टेबलाच्या खणात, बटणांच्या डब्यात एक १९१७ ची पेनी दिसली. ती त्यांनी खिशात टाकली आणि लेकीला दिली. लोरीनने ती लगेच भोकात दाबून बसवली, भिंगाखाली न धरताच.

म्हाताऱ्याच्या मुलाला ती पेनी ठाऊक होती. त्याने तक्रार केली. शेरीफच्या कचेरीतली माणसं आली आणि फोल्डरच घेऊन गेली. आणि ड्वेन यांनाही.

"अहो, पेनी होती ती!" ते न्यायाधीशांसमोर म्हणाले. "रस्त्यात पडली तर कुणी वाकत नाही तिच्यासाठी!"

पण ड्वेन पूर्वीच्या एका चोरीत अटीवर सुटलेले होते. त्यामुळे सगळं त्या पेनीच्या किमतीवर आलं. म्हाताऱ्याचा मुलगा म्हणे, ती दुहेरी ठशाची आहे, पंधराशे डॉलरची. ड्वेनचे वकील म्हणत, झिजलेल्या ठशाची आहे, दोन डॉलरचीही नाही. आमच्याकडे हजार डॉलरवर चोरी गेली की गुन्हा मोठा होतो. लहान गुन्हा ठरला असता तर ड्वेन काही आठवडे गावच्याच कोठडीत राहिले असते आणि लोरीन तोवर शेजारच्या ओपलबाईंकडे. मोठा ठरला तर राज्याचा तुरुंग, काही वर्षं, आणि लोरीनला सरकार कुठल्यातरी अनोळखी घरात ठेवणार.

त्यानंतर लोरीन शनिवारी सर्वांच्या आधी यायला लागली. ओरडणं बंद झालं. आता तिला सगळीकडे झीज दिसायची.

"सपाट आहे. खाच नाही. झिजलेली," ती म्हणायची आणि पुढची पेनी घ्यायची. दहातली नऊ उत्तरं बरोबर असायची, कारण दहातल्या नऊ पेनी झिजेच्याच असतात.

"हिला काहीही दाखवा, झीजच म्हणणार," ऑटिस नावाचा एक मुलगा म्हणाला. "मिस्टर हार्लनना भिंगाखाली घाल ना."

"लाखो नाणी पाडून थकलेला ठसा," लोरीन मान वर न करता म्हणाली. सगळे हसले. मीही हसलो. तीही, थोडीशी.

मग हळूच तिने मला विचारलं, "माझ्या पेनीची सावली सपाट होती. मला आठवतंय. झीजच असणार ना?"

"मी पाहिलेली नाही, बेटा."

"पण असणार ना?"

"पाहिल्याशिवाय मी काही म्हणत नाही. तुला माहीत आहे."

त्याच सकाळी मार्गी प्रुइट आल्या. शेरीफच्या कचेरीतल्या. हातात पारदर्शक डबी आणि त्यात ती पेनी.

"जिल्ह्यात तुमच्याखेरीज हे कुणाला कळत नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "एका शब्दात सांगा, मी लिहून नेते." मग त्यांचं लक्ष लोरीनकडे गेलं आणि आवाज उतरला. "अरे देवा. ही इथे असते?"

"मी नंतर कचेरीत येतो," मी म्हणालो.

"नको," लोरीन म्हणाली. "इथेच बघा."

मी डबी दिव्याखाली धरली. नाण्यावरच्या इंग्रजी 'ट्रस्ट' या शब्दाच्या पहिल्या टीच्या पायाला खाच होती. सातच्या शेपटीलाही. गोल, भरीव, शंभर वर्षं बोटांनी घासूनही न गेलेली. मी भिंग डोळ्यावरून काढलंच नाही, कारण काढलं असतं तर बोलावं लागलं असतं.

"मी बघू?" लोरीनने विचारलं.

"पुरावा आहे तो, बाळा," मार्गी म्हणाल्या.

"डबी बंद आहे," मी म्हणालो. "बघू दे तिला."

तिने भिंग डोळ्याला चिकटवलं, डबी जवळ आणली. हात जराही हलत नव्हता. ती बराच वेळ बघत राहिली. तिचा श्वास अडकला तेव्हा मला कळलं, तिला खाच दिसली.

"काय दिसतं?" मी विचारलं. सवयीने तोंडातून निघून गेलं.

"सावली."

"कशी?"

"सपाट." भिंग आता डोळ्याला नव्हतं. ती माझ्याकडे बघत होती.

"खाच?"

"नाही."

"म्हणजे?"

"झिजलेली," ती म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

मार्गींनी पेन काढलं. "मिस्टर हार्लन? तुमचंही तेच?"

  लोरीनचे ओठ न आवाज करता हलले. बहुतेक 'प्लीज' म्हणाली असेल.

एक शब्द पुरला असता. मार्गींनी तो लिहून नेला असता. त्या क्षणी मला ड्वेन दिसत होते, ओपलबाईंचं घर दिसत होतं. आणि टेबलाभोवतीची मुलंही, ज्यांना मी दर शनिवारी सांगत आलो होतो, दिसतं ते सांगा.

"खरी आहे," मी म्हणालो.

"नक्की?"

"टीच्या पायाला खाच आहे. सातलाही."

मार्गींनी लिहिलं. डबी पिशवीत ठेवली. जाताना त्यांनी लोरीनच्या खांद्याकडे हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. दार बंद झालं.

मी लोरीनच्या शेजारी बसलो.   ती रडेल, माझ्यावर ओरडेल, निघून जाईल, असं मला वाटत होतं.

तिने भिंग माझ्यापुढे सरकवलं. मग बँकेची नवी पुडी घेतली, टेबलाच्या काठावर आपटून फोडली. पेनी सांडल्या. तिने पहिली उचलली, अगदी कडेने, मी शिकवलं होतं तशी, आणि न बघता डावीकडे ठेवली.

"झिजलेली," ती म्हणाली.

दुसरी उचलली. "झिजलेली."

तिसरी.