भांड्यातून आलेली चादर

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. तशी तीनच हिवाळ्यांची, पण त्यातले काही महिने मी पेटीत काढले आहेत. तिथे माणूस काय, चादरसुद्धा लवकर म्हातारी होते.

*लेबल : शंभर टक्के सेंद्रिय कापूस.*

हे मध्येच बोललं ते माझं लेबल. माझ्या कोपऱ्याला शिवलेलं होतं आणि कोणी विचारो न विचारो, सूचना द्यायचं. त्याला वगळून माझी गोष्ट सांगता येत नाही, म्हणून त्यालाही बोलू देते.

माझा कापूस टेक्सासच्या शेतातला. त्याच्यावर कधीच औषध फवारलं नव्हतं, त्यामुळे बरीच बोंडं अळ्यांनी खाल्ली. उरलो ते आम्ही. गिरणीत मला मुद्दाम उंचसखल विणलं. अंगभर छोटे छोटे चौकोनी खळगे, रंग ओटच्या लापशीचा. विणणाऱ्या बाई हात फिरवून म्हणाल्या, ‘चांगली जमलीय.’ ती माझी पहिली शाबासकी. मग ट्रकमधून मी अमेरिकेच्या उत्तर टोकाला, डुलुथला आले. या गावात थंडी ऑक्टोबरमध्येच येते आणि लोक दरवर्षी तिच्याकडे पाहून चकित होतात.

*लेबल : हाताळताना काळजी घ्या.*

दुकानात मला निवडलं ते हॅल्वर स्टेनर्सन यांनी. सत्तरी पार केलेले, उंच, जरासे वाकलेले. आयुष्यभर बंदराच्या धक्क्यावर जहाजांत लोहखनिज भरलं होतं, त्यामुळे तळहात किसणीसारखे. त्यांनी आधी शेजारच्या गुबगुबीत गुलाबी चादरीला हात लावला. तिचे सगळे तंतू त्यांच्या बोटांना चिकटले.

“ही सोडत नाहीये मला,” ते दुकानातल्या बाईंना म्हणाले.

मग हात माझ्यावर आला. मीही खडबडीत, तेही खडबडीत. अडकलं काहीच नाही.

“ही सेंद्रिय कापसाची आहे,” बाईंनी सांगितलं.

“म्हणजे हिला खायला घालावं लागेल?”

बाई हसल्या. हॅल्वर हसले नाहीत. आमच्याकडे विनोद करणाऱ्याने हसायचं नसतं.

कोणाला द्यायची आहे, असं विचारल्यावर ते म्हणाले, “भांडं परत करायचंय.”

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. तेव्हापासून पलीकडच्या घरात एकट्या राहणाऱ्या आर्लिस कोस्किला नावाच्या बाई त्यांना दर गुरुवारी काचेच्या भांड्यात हॉटडिश पाठवतात. खिमा, मशरूमचं सूप आणि वर कुरकुरीत बटाट्याचे गोळे. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी, पट्टीवर त्यांचं नाव. असं भांडं रिकामं परत करत नाहीत. हॅल्वरना स्वयंपाक येत नव्हता. त्यांनी आजवर भांड्यातून टोमॅटो दिले होते, विकतचं लोणचं दिलं होतं आणि एकदा घरात काहीच नव्हतं तेव्हा टॉर्चचे सेल.

“मग आता एकदम चादर?”

हॅल्वर बराच वेळ माझी घडी करत राहिले. “त्यांच्या सोफ्यावर काही नाहीये,” ते म्हणाले. “दारातून दिसतं.”

दोन वर्षं ते दारातूनच परत येत होते, मित्रांनो. ‘आत या’ असं त्यांना दर वेळी एकदाच म्हटलं जायचं. आमच्या गावात कुठलीही गोष्ट दोनदा नाकारून तिसऱ्यांदा घ्यायची असते. आर्लिसबाईंना दुसऱ्यांदा म्हणायचा धीर होत नव्हता आणि यांना पहिल्यांदाच हो म्हणायचा.

*लेबल : कोरड्या जागी ठेवा.*

मला भांड्यात कोंबून, वर झाकण लावून दिलं गेलं. आर्लिसबाईंनी झाकण उघडलं. याची काही गरज नव्हती, म्हणाल्या. हे फारच झालं, म्हणाल्या. तिसऱ्यांदा त्यांनी मला गालाशी धरलं, पण तोवर हॅल्वर फाटकाबाहेर पोचले होते.

आता मी सोफ्यावर जाणार, असं मला वाटलं. बाईंनी मला नीट घडी घालून दाराशेजारच्या देवदाराच्या पेटीत ठेवलं. मी फार चांगली होते ना, म्हणून.

पेटीत सहा टॉवेल होते, रेशमी फितीसकट. “पाहुणे आले की काढतील,” ते म्हणाले. ते असं आर्लिसबाईंच्या लग्नापासून म्हणत होते.

पुढच्या गुरुवारी दारात हॅल्वरचा आवाज ऐकू आला आणि बोलता बोलता थांबला. त्यांनी सोफ्याकडे पाहिलं असणार. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तसंच. डिसेंबरमध्ये ते भांडं पायरीवर ठेवून, घंटी वाजवून निघून जाऊ लागले. आर्लिसबाई दार उघडून थंडीत उभ्या राहायच्या. “मीठ जास्त पडत असेल,” एकदा त्या स्वतःशीच म्हणाल्या, आणि त्या आठवड्यापासून त्यांनी मीठ घालणंच बंद केलं.

आणि मी ऊब देण्यासाठी विणलेली, सहा टॉवेलांना ऊब देत पडले होते.

*लेबल : उष्णतेपासून लांब.*

जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी घर गरम ठेवणारा तळघरातला हीटर बंद पडला. दुरुस्तीवाला संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. दुपारी पायरीवर भांडं टेकलं, तसं आर्लिसबाईंनी घंटी वाजायच्या आत दार उघडलं. दाराला हात लावूनच उभ्या होत्या.

हॅल्वर तळघरात गेले, हीटरला दोन दणके दिले आणि वर येऊन म्हणाले, “पार्ट लागेल.”

“मग कॉफी घ्या,” बाई म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. तिसऱ्यांदाही म्हणाल्या.

दोघं कोट घालून सोफ्याच्या दोन टोकांना बसले. बाईंनी पेटी उघडली आणि मला बाहेर काढलं. टॉवेलांनी श्वास रोखला.

“तुम्ही घ्या,” बाई म्हणाल्या.

“मी बराय. तुम्ही घ्या.”

“तुमचे दात वाजतायत.”

“कवळी आहे. ती वाजतेच.”

दोघंही देणारे, दोघंही नाकारणारे, त्यामुळे तिसरी वेळ कोणाची तेच ठरेना. मी मधे, घडीतच. समोर बशीत लिंबाच्या वडीचा शेवटचा तुकडा होता. तो हॅल्वरनी अर्धा केला, त्याचा बाईंनी अर्धा केला, पुन्हा हॅल्वरनी. शेवटी वाटाण्याएवढं उरलं, तेही कोणी उचललं नाही. दोघांच्या तोंडातून वाफ येत होती.

मग हॅल्वरना माझं लेबल दिसलं. कडक, नवंकोरं.

“आवडली नसेल तर दुकानात बदलून मिळते,” ते माझ्याकडे बघून म्हणाले.

“आवडली म्हणून तर जपून ठेवली,” बाई म्हणाल्या. “मला वाटलं, तुम्हालाच जेवण आवडत नाही. मीठ जास्त होतंय.”

“मीठ? महिनाभर मीठच नव्हतं.”

“मग खाल्लंत कशाला?”

हॅल्वरनी कप खाली ठेवला. “तुम्ही केलं होतं,” ते म्हणाले.

आमच्या गावात याहून मोठं वाक्य सहसा कोणी बोलत नाही. आर्लिसबाईंनी आपला कप उचलला आणि हॅल्वरच्या बाजूच्या टेबलावर नेऊन ठेवला. मग माझी घडी उलगडली.

मित्रांनो, मी जेमतेम पाच फुटांची. सोफ्याच्या दोन टोकांना पुरत नाही. आखूड असल्याचं मला तोवर वाईट वाटायचं. त्या दुपारी नाही वाटलं. दोघांना सरकावं लागलं.

लेबल हॅल्वरच्या हनुवटीला टोचत होतं. बाईंनी कात्री आणली.

*लेबल : गरम पाणी नको. आखड—*

त्यानंतर मला सूचना देणारं कोणी उरलं नाही. आता माझ्यावर कॉफीचे तीन डाग आहेत आणि एका कोपऱ्यात मशरूमचं सूप. लोकांना एवढंच सांगते की चांगली वस्तू पेटीत ठेवू नका. ती चांगली आहे हे तिला पेटीत कळत नाही, आणि देणाऱ्यालाही कळत नाही. आणि तेवढे ते सहा टॉवेल कोणीतरी काढा.

आर्लिसबाई मला हमखास गरम पाण्यात धुतात. दर धुण्याला मी बोटभर आखडते. दोघांपैकी कोणाचीच तक्रार नाही.